बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर खेळताना : महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूने तयारी कोणत्या क्रमाने करावी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे येतात. त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शाळेपासून क्लबच्या कोर्टवर वर्षभर घाम गाळलेला खेळाडू आणि महाविद्यालयात आल्यावरच ज्याने नियमित सराव सुरू केला असा खेळाडू यांची सहज गाठ पडते. दुसऱ्या खेळाडूचा त्या सामन्यात टिकाव लागत नाही, तेव्हा त्याची उंची कमी पडली किंवा अनुभव कमी पडला असे सांगितले जाते. पुष्कळदा खरे कारण वेगळे असते. तो आधी गुण मिळवण्याच्या मागे लागतो, मग बचावाकडे वळतो, आणि चेंडू हातातून जाऊ न देण्याची आठवण त्याला मध्यंतरात होते. बलाढ्य संघासमोर हा क्रम नेमका उलटा हवा : प्रथम चेंडू राखणे, मग रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर परतणारा चेंडू मिळवणे), मग बचावातील जागा, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे गुण. पुढील टप्पे याच क्रमाने मांडले आहेत आणि ते याच क्रमाने पूर्ण करावेत.

टप्पा 1 : प्रतिस्पर्ध्याला खेळताना पाहा

गटवारी जाहीर झाली की आपल्या सामन्यातील विजेत्याची पुढची गाठ कोणाशी पडेल हे कळते. त्या संघाचा आधीचा सामना कोर्टच्या कडेला बसून पूर्ण पाहावा. बहुतेक खेळाडू असा सामना पाहतात, परंतु समोरच्याने किती गुण केले एवढेच लक्षात ठेवून परततात आणि रात्रभर त्याच आकड्याचे दडपण वागवतात. गुणांचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. वही घेऊन पुढील गोष्टी लिहाव्यात : तो पहिले पाऊल कोणत्या बाजूला टाकतो, डाव्या हाताने ड्रिबल करताना (चेंडू जमिनीवर आपटत नेताना) मान खाली जाते का, चेंडू रिंगकडे पाठ करून मागतो की रिंगकडे तोंड करून, आणि शॉट चुकल्यावर परत धावतो की पंचांकडे पाहत उभा राहतो.

शेवटच्या नोंदीला मी सर्वाधिक महत्त्व देतो. चुकलेल्या शॉटनंतरचे दोन सेकंद पाहिले की खेळाडूची सवय कळते, आणि सवय एका सामन्यापुरती बदलत नाही. जो परत धावत नाही, त्याच्या चुकलेल्या शॉटवर तुमच्या संघाला पाच विरुद्ध चार अशी चढाई मिळू शकते.

तपासणी : वहीत विशेषणे असतील तर पुन्हा पाहा. ‘फार वेगवान आहे’ या नोंदीवरून काही करता येत नाही. ‘उजवीकडून दोन ड्रिबलनंतर थांबून शॉट घेतो’ अशी नोंद असेल तर ती संध्याकाळच्या सरावात वापरता येते.

टप्पा 2 : स्वतःचा हिशेब मांडा

हा टप्पा लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच तो वगळला जातो. मागील दोन-तीन सराव सामन्यांत आपल्या हातून चेंडू किती वेळा गेला आणि प्रत्येक वेळी कशामुळे गेला हे सहकाऱ्याला बाहेर बसवून लिहून घ्यावे. चुकीचा पास, एकाच जागी थांबून केलेले ड्रिबल, ट्रॅव्हलिंग (ड्रिबल न करता जास्त पावले टाकणे) आणि चेंडू घेतानाच सुटणे, अशी चार कारणे वेगळी धरावीत. ज्या कारणापुढे सर्वाधिक खुणा पडतात, त्याच्यापासून सराव सुरू करायचा. आपला डावा हात कमकुवत आहे असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्ष खुणा मोजल्यावर चेंडू उभ्या-उभ्या घेतल्यामुळे गेला असे आढळते, कारण पासच्या दिशेने पाऊल न टाकणाऱ्या खेळाडूचा चेंडू वेगवान बचावपटू मध्येच उचलतो.

टप्पा 3 : सरावाची मांडणी

तीन आठवडे हाती असतील तर पुढील क्रम पाळावा. एकच आठवडा असेल तर पहिले दोन भाग करून थांबावे. उरलेले भाग घाईने उरकल्यास काहीच पक्के होत नाही.

3.1 दबावाखाली चेंडू राखणे. पाच आक्रमकांसमोर सात बचावपटू उभे करून अर्धे कोर्ट पार करण्याचा सराव करावा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार आपल्या अर्ध्या भागातून 8 सेकंदांत चेंडू पुढे न्यावा लागतो. म्हणून बाहेर उभ्या असलेल्याने मोठ्याने सेकंद मोजावेत. पहिल्या काही दिवसांत आठपैकी सहा सेकंद ड्रिबलमध्येच संपतील. त्यानंतर प्रत्येकाला कमाल तीन ड्रिबलची मर्यादा घालावी, म्हणजे नजर वर ठेवण्याशिवाय पर्याय राहत नाही. चेंडू घेताना दोन्ही पायांवर एकाच वेळी उतरावे. असे थांबल्यास कोणताही पाय पिव्हट (वळताना जागेवर रोवून ठेवायचा पाय) म्हणून वापरता येतो आणि दोन्ही दिशा मोकळ्या राहतात.

येथे सर्वत्र होणारी चूक म्हणजे मध्यरेषा ओलांडताच बाजूच्या कोपऱ्यात थांबणे. त्या ठिकाणी मध्यरेषा, बाजूची रेषा आणि दोन बचावपटू अशी चारही बाजूंनी कोंडी होते, कारण मध्यरेषा ओलांडलेला चेंडू मागे नेता येत नाही. मध्यरेषा ओलांडावी ती कोर्टच्या मधल्या पट्ट्यातून, आणि ओलांडण्यापूर्वीच पुढचा पास ठरलेला असावा.

3.2 बॉक्स आऊट. उंच खेळाडूसमोर रिबाउंड मिळत नाही असे म्हणणाऱ्याचे पाय पाहिले की उत्तर मिळते : शॉट सुटताच तो मान वर करून चेंडूकडे पाहत राहतो. योग्य क्रम असा आहे. शॉट सुटला की आधी आपला माणूस शोधावा, पुढचा हात आडवा ठेवून त्याला स्पर्श करावा, त्या स्पर्शावर वळून पाठ त्याच्याकडे करावी, गुडघे वाकवून कंबर खाली न्यावी, आणि त्यानंतरच चेंडूकडे पाहावे. कोपऱ्यातून घेतलेला शॉट चुकल्यास चेंडू बहुधा समोरच्या बाजूला जातो आणि लांबून घेतलेल्या शॉटचा रिबाउंडही लांब पडतो, हेही मनात असावे. या सरावात चेंडू जमिनीवर पडू द्यावा. प्रशिक्षकाने शॉट मुद्दाम चुकवायचा आणि बॉक्स आऊट करणाऱ्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला तीन सेकंद चेंडूपर्यंत पोहोचू द्यायचे नाही. चेंडू स्वतः पकडण्याची गरज नाही. तुमच्यामुळे रोखला गेलेला उंच खेळाडू तिथेच अडकला, तर तुमचा गार्ड (रिंगपासून दूर राहून चेंडू हाताळणारा खेळाडू) धावत येऊन चेंडू उचलतो.

3.3 उंच हातांवरून शॉट. आपल्या संघात उंच खेळाडू नसेल तर सहकाऱ्याच्या हातात केरसुणी किंवा लांब काठीला बांधलेला कपडा द्यावा आणि लेअपच्या (रिंगजवळ धावत जाऊन टाकलेल्या शॉटच्या) वेळी तो उंच धरायला सांगावा. हे साधन जगभरातील प्रशिक्षक वापरतात, कारण त्यामुळे चेंडू नेहमीपेक्षा लवकर आणि अधिक उंच सोडण्याची सवय लागते. रिंग 3.05 मीटर उंचीवर असते, हे सर्वांसाठी सारखेच आहे. फरक पडतो तो चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणात. येथे तीन गोष्टी पुरेशा आहेत : रिंगच्या दुसऱ्या बाजूने जाणारा रिव्हर्स लेअप, बचावपटू पूर्ण उडी मारण्यापूर्वी रिंगपासून थोड्या अंतरावरून उंच सोडलेला फ्लोटर, आणि शॉटचा आविर्भाव करून तो हवेत गेल्यावर टाकलेले एक ड्रिबल. या तिन्हींपैकी ज्यावर हात बसेल ते एकच सामन्यात वापरावे.

3.4 थकलेल्या पायांवर फ्री थ्रो. सरावाच्या सुरुवातीला ताजेतवाने असताना मारलेल्या फ्री थ्रोंवरून (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटवरून) स्वतःची अचूकता ठरवू नये. कोर्टच्या लांबीच्या चार धावा, लगेच दोन फ्री थ्रो, पुन्हा चार धावा, असा क्रम ठेवावा. कारण बलाढ्य संघाविरुद्ध मिळणारे फ्री थ्रो बहुधा चौथ्या क्वार्टरमध्ये, अशाच अवस्थेत मिळतात.

सावधान : सामना आठवड्यावर आला असताना जिममध्ये नवे वजन उचलू नये. ताकद वाढण्यास कित्येक आठवडे लागतात, तर दुखणारी मांडी दुसऱ्याच दिवशी मिळते. मे महिन्यात नागपुरात सराव शिबिर असेल तर सिमेंटच्या कोर्टवर सकाळी आठपूर्वी किंवा सूर्यास्तानंतरच खेळावे. उलट डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 10 ते 12 अंशांपर्यंत उतरतो, बोटे आखडलेली असतात आणि चेंडू हातात नीट बसत नाही. तेव्हा वॉर्मअपचा वेळ वाढवावा आणि पासिंगची सुरुवात कमी अंतरावरून करावी.

टप्पा 4 : आदला दिवस आणि सामन्याची सकाळ

आदल्या दिवशी अंग मोकळे करण्याइतकाच सराव करावा. महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि पात्रतेची कागदपत्रे रात्रीच पिशवीत ठेवावीत. सामना ज्या कोर्टवर आहे ते सिमेंटचे आहे, सिंथेटिक आहे की लाकडी, याची चौकशी करून त्याप्रमाणे बूट निवडावेत. सिमेंटवर तळ झिजलेले बूट लाकडी कोर्टवर घसरतात. नवे बूट सामन्यात पहिल्यांदा घालू नयेत.

जेवण सामन्याच्या तीन तास आधी व्हावे आणि ते साधे असावे : वरण-भात, पोळी, केळे. सकाळच्या सामन्याला निघताना टपरीवर थांबून तर्री-पोहे खाण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशी तर्री टाळावी. तिखट आणि तेलकट तर्रीमुळे तहान वाढते आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये धावताना पोट साथ देत नाही. पाणी एकदम न पिता सकाळपासून थोडे थोडे प्यावे. घाम फार येत असेल तर मीठ-साखरेचे पाणी जवळ असावे. संत्र्याच्या फोडी मध्यंतरासाठी ठेवाव्यात.

तपासणी : कोर्टवर पाऊल ठेवण्यापूर्वी वहीतील नोंदींपैकी एक बचावाची आणि एक आक्रमणाची अशा दोनच नोंदी मनाशी ठरवाव्यात. पाच सूचना घेऊन उतरलेल्या खेळाडूला ऐन क्षणी एकही आठवत नाही.

टप्पा 5 : पहिली पाच मिनिटे

ताकदवान संघ सुरुवातीलाच पूर्ण कोर्टवर दबाव आणतो, कारण सामना पहिल्या क्वार्टरमध्येच एकतर्फी करण्यात त्याचा फायदा असतो. या पाच मिनिटांत तुमचे उद्दिष्ट आघाडी घेणे नाही; चेंडू न गमावता प्रत्येक चढाईचा शेवट शॉटने करणे हे आहे. शॉट चुकला तरी तुमचा बचाव परत येऊन उभा राहतो. चेंडू मध्येच गेला तर समोरच्याला मोकळा लेअप मिळतो.

एका चढाईत शॉट घेण्यासाठी मिळणाऱ्या 24 सेकंदांपैकी पहिली दहा सेकंदे चेंडू किमान तीन हातांतून फिरवण्यासाठी वापरावीत. कोर्टच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत हवेतून लांब पास देऊ नये. शॉट क्लॉकचा फलक नसेल तर बाकावरील एका खेळाडूने उरलेली सेकंदे ओरडून सांगण्याची जबाबदारी घ्यावी. आणि समोरच्याने अवघड बास्केट केले म्हणून पुढच्याच चढाईत तसेच उत्तर देण्याचा मोह आवरावा. या एका मोहापायी मी कित्येक गुणी खेळाडूंना पहिल्या क्वार्टरमध्येच बाकावर जाताना पाहिले आहे, आणि त्याचे मला दरवेळी वाईट वाटते, कारण त्यांची मेहनत कमी नव्हती.

टप्पा 6 : बलाढ्य खेळाडूला अडवणे

उंच आणि धिप्पाड सेंटर. त्याच्या हातात चेंडू आल्यानंतर सुरू केलेला बचाव उशिराचा असतो. तो रिंगखालच्या चौकोनात पोहोचण्यापूर्वीच त्याच्या वाटेत उभे राहावे, म्हणजे तो चेंडू दोन पावले बाहेर घेईल. तरीही आत आलाच तर त्याच्या पाठीमागे न राहता पासच्या बाजूने अर्धे पुढे यावे. अशा वेळी त्याच्या डोक्यावरून उंच पास येऊ शकतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या सहकाऱ्याने रिंगच्या दिशेने सरकून उभे राहणे अत्यावश्यक आहे. हे आधी ठरलेले नसेल तर पुढे येऊन उभे राहू नये. त्याने शॉट घेतला तर हात सरळ वर ठेवून उडी मारावी. हात पुढे खाली आला की फाऊल होतो. सरळ वर राहिलेल्या हातांवर तो येऊन आदळला तर पंच बहुधा तुमच्या बाजूने उभे राहतात.

वेगवान गार्ड. अगदी चिकटून उभे राहिल्यास तो एका पावलात निसटतो. हाताभराचे अंतर ठेवून, त्याच्या चांगल्या हाताच्या बाजूला अर्धे शरीर ठेवावे आणि त्याला कमकुवत हाताने जायला लावावे. हात चेंडूवर मारण्यापेक्षा पाय हलवत राहणे महत्त्वाचे आहे. चार्ज घ्यायचा असेल (धावत येणाऱ्या आक्रमकाचा धक्का अंगावर घेऊन त्याच्यावर फाऊल मिळवायचा असेल) तर त्याच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून जागा आधीच मिळवलेली असावी, आणि ती जागा रिंगखालच्या 1.25 मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर असावी. आत उभे राहून पडण्याचा उपयोग होत नाही.

लांबून मारणारा शूटर. तीन गुणांची रेषा 6.75 मीटरवर, कोपऱ्यात 6.60 मीटरवर असते. त्याच्याकडे पास जात असतानाच धावावे, शेवटची दोन-तीन पावले लहान करावीत आणि एक हात उंच ठेवावा. पूर्ण वेगाने त्याच्या अंगावर गेल्यास तो शॉटचा आविर्भाव करून बाजूने निघून जातो, किंवा फाऊल मिळवून तीन फ्री थ्रो घेतो.

सावधान : पाच वैयक्तिक फाऊल झाले की सामना तुमच्यापुरता संपतो. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाऊल झाले तर बाहेर बसवण्याचा प्रशिक्षकाचा निर्णय मनापासून स्वीकारावा. संघाचे एका क्वार्टरमधील चार फाऊल झाल्यानंतर बचावातील पुढच्या प्रत्येक फाऊलवर समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, त्यामुळे कोर्टवर असणाऱ्या प्रत्येकाला संघाच्या फाऊलची संख्या माहीत असावी. रिंगपासून 20 मीटर दूर, रागाच्या भरात केलेला फाऊल हा सर्वांत महाग फाऊल होय.

टप्पा 7 : त्याला बचाव करायला लावा

नामवंत खेळाडूची आक्रमणात धास्ती असते; त्याचा बचाव मात्र क्वचितच कोणी तपासून पाहतो. दुबळे संघ त्याच्या दिशेने जाणेच टाळतात आणि त्याला नकळत विश्रांती देतात. त्याला सतत स्क्रीनमधून (बचावपटूच्या वाटेत उभे राहून केलेल्या अडसरातून) धावायला लावावे. चेंडू हातात नसतानाही जागा बदलत राहावी. तो ज्या खेळाडूला सांभाळतो त्याच्याकडूनच स्क्रीन लावून घ्यावी, म्हणजे आपल्या माणसाला सोडायचे की धरायचे हा निर्णय दर चढाईत त्याच्यावर येतो. त्याला तिसरा फाऊल लागला की त्याचा बचाव आपोआप सैल पडतो, आणि ड्राइव्ह करण्याची (ड्रिबल करत रिंगकडे घुसण्याची) तुमची खरी वेळ तेव्हा येते. मुलींच्या संघांत हे अधिकच लागू पडते, कारण तिथे पुष्कळदा एकाच खेळाडूवर संघाचे बहुतांश गुण अवलंबून असतात.

चेंडू हातात धरून विचार करत थांबू नये : 1 मीटरच्या आत बचावपटू सक्रियपणे अडवत असेल तर 5 सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावेच लागते.

टप्पा 8 : पिछाडीवर असताना

समजा, चौथ्या क्वार्टरमध्ये 8 मिनिटे उरली आहेत आणि संघ 12 गुणांनी मागे आहे. एका चढाईला 15 ते 20 सेकंद धरले तर प्रत्येक संघाला अजून साधारण 12 ते 16 चढाया मिळतात. म्हणजे लगेच तीन गुणांचे शॉट मारत सुटण्याचे कारण नाही. सलग दोन वेळा त्यांना रोखणे हेच पहिले उद्दिष्ट ठेवावे. दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात तीन गुणांची पिछाडी भरून काढण्याचा हिशेब बाकावरून सांगितला जावा.

सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तीन टाइमआऊट मिळतात, आणि त्यांपैकी शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात. त्यामुळे तिन्ही शेवटासाठी राखण्यात अर्थ नाही. समोरच्यांनी सलग तीन बास्केट केली की एक टाइमआऊट तिथेच वापरावा. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावर घड्याळ थांबते, हे लक्षात न ठेवता अनेक खेळाडू त्या वेळी विनाकारण घाई करतात. घड्याळ थांबवण्यासाठी फाऊल करायचाच असेल तर फ्री थ्रोमध्ये कच्च्या असलेल्या खेळाडूवर, आणि चेंडूसाठी खरा प्रयत्न करून करावा. मागून धरले किंवा ढकलले तर अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल दिला जातो, ज्यात दोन फ्री थ्रोंबरोबर चेंडूही त्यांच्याकडेच राहतो.

टप्पा 9 : सामन्यानंतरचा दिवस

निकाल काहीही लागो, त्याच संध्याकाळी वहीत चार कारणांपुढे पुन्हा खुणा कराव्यात आणि टप्पा 2 मधील पानाशी ताडून पाहाव्यात. गुणफलकावर पराभव 25 गुणांचा दिसत असेल, परंतु हातून गेलेल्या चेंडूंची संख्या निम्म्यावर आली असेल, तर तयारी योग्य दिशेने चालली आहे. पुढच्या सरावात बॉक्स आऊटला अधिक वेळ द्यावा. संख्या तेवढीच असेल तर 3.1 पासून पुन्हा सुरुवात करावी.

शक्य असल्यास ज्याने तुम्हाला हैराण केले त्याच खेळाडूला सामन्यानंतर भेटून विचारावे, की माझ्या कोणत्या हालचालीवरून माझी दिशा तुम्हाला आधीच कळत होती. बहुतेक चांगले खेळाडू याचे उत्तर मोकळेपणाने देतात. घोटा मुरगळला असेल तर पहिल्या दिवशी बर्फाचा शेक, क्रेप बँडेज आणि पाय उंचावर ठेवून विश्रांती घ्यावी. त्यावर मालिश करून घेऊ नये, आणि पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढल्याशिवाय कोर्टवर परतू नये.